पोस्टकार्ड ते भ्रमणध्वनी

दूरच्या माणसाशी बोलण्याची साधने कशी बदलत गेली, हा केवळ यंत्रांचा इतिहास नव्हे. माणूस कोणकोणावर विसंबून राहिला, याचाही तो इतिहास होय. भोकरदन तालुक्यातील आमचे केदारखेडा व आसपासची गावे डोळ्यांपुढे ठेवून तो ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात. तेथील टपालखाते व तिकिटे निराळी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला व १९५० साली ते खाते भारतीय टपालात विलीन झाले. त्यानंतरची कित्येक वर्षे पोस्टमन हाच खेड्याचा बाहेरच्या जगाशी दुवा होता. ज्यास अक्षरओळख नसे, त्याचे पत्र पोस्टमनने अथवा शाळेच्या गुरुजींनी ओसरीवर बसून वाचून दाखवावे, आणि उत्तरही लिहून द्यावे. कोपरा फाडलेले कार्ड दिसताच घरात आकांत उसळे. तार आली की ती वाचण्यापूर्वीच हातपाय गळत. ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली.

टेलिफोन मुंबईस १८८२ साली आला. खेड्यापर्यंत पोहोचण्यास त्यास शंभर वर्षे लागली. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिने ग्रामीण भागासाठी लहान एक्स्चेंज तयार केली, आणि गावोगावी एसटीडीचे पिवळे फलक झळकू लागले. रात्री दर उतरले म्हणजे तेथे रांग लागे. एका घरच्या टेलिफोनवर सारी आळी चाले. शेजाऱ्याचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून आप्तांस दिला जाई. महत्त्वाचे नंबर तोंडपाठ असत.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी केलेले संभाषण हा भारतातील भ्रमणध्वनीचा आरंभ. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत. २००३ साली तो भार हटला आणि हे यंत्र सामान्यांच्या हाती आले. ‘मिस्ड कॉल’ ही गरिबाची तार झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेटही स्वस्त झाले.

येथवर हे साधन सोयीचे होते. पुढे ते सक्तीचे झाले. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर भरली, आणि ज्या घरी मोबाईल नव्हता तेथील मूल मागे राहिले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. कापूस वा मका पेरणाऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र मोबाईलवरून पाठवावे, तेव्हा सातबाऱ्यावर नोंद व्हावी. बँक, आधार, अनुदान या सर्वांच्या दारावर आता ओटीपीचे कुलूप आहे.

येथेच आम्हांस खरी चिंता वाटते. पूर्वीचे पत्र कोणीही वाचून दाखवू शकत असे. ओटीपी मात्र कोणास सांगू नये, अशी बँकेची ताकीद. आणि ती रास्तही आहे, कारण फसविणारे टपलेले आहेत. परंतु ज्या वृद्धेस तो वाचता येत नाही, तिने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? मुले पोटासाठी पुण्यास, छत्रपती संभाजीनगरास गेलेली. निरक्षरास ओसरीवर जो आधार मिळे, तो या नव्या व्यवस्थेत उरलेला नाही.

मोबाईल टाकून द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. तरुणांनी दर आठवड्यास एक तास आपल्या वाड्यातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे, त्यांची कामे त्यांच्यासमक्ष करून द्यावीत व त्यांस ती शिकवावीत. प्रत्येक घरी दहा नंबर वहीत लिहिलेले असावेत. मंडळानेही सभासदांची पत्त्यांसह छापील यादी ठेवावी. ज्ञातीचे ऋणानुबंध एका यंत्राच्या बॅटरीवर सोडून देणे शहाणपणाचे नाही.