बन्नूचे डॉक्टर पेनेल : सरहद्दीवरील एका मिशन रुग्णालयाची दिनचर्या

#इतिहास #धागा

१/ १८९३ साली ब्रिटिश हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांच्यामध्ये ड्युरंड रेषा आखण्याचा करार झाला. त्याच वर्षी, त्या रेषेच्या अलीकडे कुर्रम नदीकाठच्या बन्नू गावी एक तरुण इंग्रज शल्यविशारद आपल्या आईसह मुक्कामास आला. त्याचे नाव थिओडोर लेटन पेनेल.

२/ लंडन विद्यापीठाची एम.डी. आणि एफ.आर.सी.एस. या पदव्या हाती असल्यामुळे इंग्लंडमध्ये त्यांना उत्तम व्यवसाय करता आला असता. परंतु चर्च मिशनरी सोसायटीचे बिनपगारी मिशनरी म्हणून ते वायव्य सरहद्दीवर आले. पश्तू शिकले, पठाणी पेहराव स्वीकारला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

३/ दिवसाची सुरुवात बाह्यरुग्णांपासून होई. कोणी उंटावरून, कोणी खाटेवर, कोणी पायी असे दूरदूरच्या डोंगरांतून लोक येत. तपासणीपूर्वी सर्वांना पश्तूमधून बायबलचे प्रवचन ऐकावे लागे. त्यानंतर एकेकाची पाळी. औषध आणि धर्मोपदेश एकाच ओसरीवर चालत. ही गोष्ट लपविण्याचा प्रयत्न पेनेल यांनी कधीच केला नाही.

४/ रुग्ण बहुधा घरगुती उपचार करून थकल्यावर येत. पेनेल यांनी अशा दोन उपचारांचे वर्णन केले आहे. 'झान' म्हणजे नुकत्याच मारलेल्या मेंढीचे किंवा बकऱ्याचे ओले कातडे रोग्याच्या अंगाभोवती गुंडाळणे. 'दम' म्हणजे तेलात भिजविलेली कापडाची गुंडाळी त्वचेवर ठेवून पेटविणे. मग दुखण्याबरोबर डागण्यांच्या जखमाही डॉक्टरांच्या वाट्यास येत.

५/ मोतीबिंदू, हाडांचे रोग आणि गोळीच्या जखमा हे नित्याचेच. गोळीमागे बहुधा पिढीजात वैर असे. दृष्टी गेलेल्या एका जखमी पठाणाचे मागणे पेनेल यांनी नोंदविले आहे : शत्रूला टिपण्यापुरते दिसले तरी पुरे, मग उरलेले आयुष्य अंधारात काढण्याची त्याची तयारी होती!

६/ याहून भयंकर प्रकार कापलेल्या नाकांचा. संशयापायी पती पत्नीचे नाक छाटत असे आणि राग ओसरल्यावर कधी कधी तोच तिला रुग्णालयात घेऊन येई. अशाच एकाला विलायतेहून कृत्रिम नाक मागविण्याचा खर्च ३० रुपये सांगितला, तेव्हा तो विचारात पडला. कारण ८० रुपयांत त्याला नवी पत्नीच मिळणार होती.

७/ हा प्रसंग वाचून सरहद्दीबाहेरच्या वाचकाने हसण्याची घाई करू नये. नाक कापण्याची शिक्षा आपल्याकडेही अपरिचित नव्हती. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्यात एका देशी कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नाक बसविले. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात त्याची हकीकत छापून आली आणि युरोपातील शल्यचिकित्सकांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले.

८/ रुग्णालयाबाहेरही काम संपत नसे. पेनेल मिशनची शाळा चालवीत, मुलांमध्ये राहात आणि फुटबॉल खेळवीत. बाजारात प्रवचनास उभे राहिले की शिव्या मिळत, कधी दगडही येत. औषधांची पेटी घेऊन ते शस्त्राविना टोळ्यांच्या मुलखात फिरत. मुल्ला त्यांच्याविरुद्ध बोलत, पण त्याच गावात त्यांना पाहुणा म्हणून भाकरी आणि खाट मिळे.

९/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकले पाहिजे. यातील बहुतेक माहिती पेनेल यांच्याच पुस्तकातून येते. त्याच्या शीर्षकात पठाणांचा उल्लेख 'रानटी टोळ्या' असा आहे आणि प्रस्तावना फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांची. ज्या सेनानीने अफगाणांशी युद्ध केले, त्याला या डॉक्टरचे कौतुक का वाटावे, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

१०/ उत्तर उघड आहे. जेथे पलटणीला वैरी मानले जाई, तेथे डॉक्टरला वाट मिळे, आणि साम्राज्याला ही सदिच्छा उपयोगाची होती. रुग्णांनी मात्र आपला हिशेब वेगळा ठेवला. त्यांनी औषध घेतले, प्रवचन ऐकून घेतले आणि धर्म बहुतांशी आपलाच राखला. धर्मांतरे थोडीच झाली. त्या ओसरीवरचे पठाण केवळ उपदेशाचे मुके श्रोते नव्हते.

११/ आता आपल्या जवळचा दुवा. १९०८ साली पेनेल यांनी डॉ. ॲलिस सोराबजी यांच्याशी विवाह केला. पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालविणाऱ्या फ्रान्सिना सोराबजी यांची ही कन्या आणि कायदेपंडिता कॉर्नेलिया सोराबजी यांची धाकटी बहीण. पडद्यातील ज्या स्त्रिया परपुरुषाला नाडीही दाखवीत नसत, त्यांच्यासाठी ॲलिस यांचे येणे फार मोलाचे होते.

१२/ मार्च १९१२. रुग्णालयातील सहकारी डॉ. बार्नेट यांना रक्तदोषाची बाधा झाली. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करताना पेनेल यांनाही तीच बाधा जडली. प्रतिजैविकांचा काळ अजून दूर होता. काही दिवसांच्या अंतराने दोघेही गेले. २३ मार्चला पेनेल यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय ४४ होते.

१३/ पेनेल यांचे चरित्र १९१४ साली प्रसिद्ध झाले. ते ॲलिस यांनीच लिहिले. म्हणजे बन्नूची ही कथा आपल्याला प्रथम डॉक्टरने सांगितली आणि नंतर त्याच्या पत्नीने. नाक गमावलेल्या त्या स्त्रीने ती सांगितली असती, तर तिने कोणाला क्षमा केली असती आणि कोणाचे आभार मानले असते? कागदपत्रांत तिचा आवाज नाही. तरीही पेनेल यांचे पुस्तक वाचताना तिची आठवण ठेवणे आपल्या हाती आहे.

(समाप्त)