मान, मानधन आणि खाडा

आमच्या घाटमाथ्यावर गावकीच्या कामाला पगार ही कल्पनाच उशिरा आली. पगार तलाठ्याला, मास्तरला, एस.टी.च्या कंडक्टरला. गावाचं बघणाऱ्याला मान. चावडीत वरच्या अंगाला बसायचं, होळीची पहिली पोळी त्याची, बेंदराला त्याची बैलजोडी पुढं आणि मग गावाची. आमच्या खानापूर तालुक्यातच नव्हे, शेजारच्या माण-खटावातही हेच. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे म्हणून आज वेगळे दिसतात, पण १९४९ पर्यंत सगळा एकच सातारा होता. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचं सांगली झालं. रीतिरिवाजाला ही फाळणी कधी कळली नाही.

पण तो मान काही वाऱ्यावरचा नव्हता. त्याच्याखाली जमीन होती. पाटलाला वतन, कुलकर्ण्याला वतन. इंग्रजांनी १८७४ च्या कायद्यात ते सगळं बांधून घेतलं. भाऊबंदांच्या तक्षिमा पडलेल्या असत. ज्याच्या तक्षिमेची पाळी तो त्या मुदतीत पाटीलकी चालवणार आणि त्याला कामाची पोटगी मिळणार. पोटगी म्हटलं की आता कोर्टातली नवरा-बायको आठवतात. पण आमच्या आजोबांच्या पिढीला पोटगी म्हणजे पाटलाला कामाबद्दल मिळणारे पैसे. रक्कम लहान, पण इनामाची जमीन पिकत होती. म्हणून पाटील दिवसभर चावडीत बसला तरी घरात चूल पेटायची.

ज्याला मान नव्हता आणि काम मात्र सगळ्यात जास्त होतं, तो म्हणजे महार वतनदार. सरकारी टपाल पोचवायचं, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, रात्री वेशीवर जागायचं, कुणी मेलं की गावोगाव सांगावा न्यायचा. त्याबद्दल तुटपुंजं इनाम आणि घरोघरचं बलुतं, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, त्यात हाच सवाल होता : काम सरकारचं, मग मोबदला गावाच्या मेहेरबानीवर का? बाबासाहेब लहानपणी साताऱ्याच्या शाळेत शिकले, या मुलखातला गावगाडा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. गावच्या कामाचा मोबदला हा विषय आपल्याकडं कुणी नीट मांडला असेल तर तो त्यांनी. ही वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, आणि मुलकी पाटलाची गादी १९६२ च्या कायद्यानं. माझ्या मते जे तेव्हा विचारायला हवं होतं ते कुणी विचारलं नाही : जमीन आणि बलुतं गेलं, तर आता गावाचं बघणाऱ्याचं पोट कशावर चालणार?

उत्तर तयारच होतं. सेवा. स्वातंत्र्याच्या हवेत तो शब्द फार मोठा होता आणि खोटाही नव्हता. आमच्या शेजारीच त्याचा प्रयोग झाला होता. औंध संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांचा, औंध साताऱ्याकडं तर आटपाडी आणि कुंडल आता सांगलीत. राजा भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन या कामात होते. गावानं पाच पंच निवडायचे आणि गावाचा कारभार त्यांनी करायचा, हा त्याचा पाया. तीनच वर्षांनी कुंडल-वाळव्याकडं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. गावोगाव न्यायदान मंडळं भांडणं तोडू लागली. तिथं मोबदल्याचं नाव काढणं म्हणजे शरमेची गोष्ट. जिवावर उदार झालेल्या माणसाला भत्ता कसला विचारता?

त्याच हवेत १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा आला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, म्हणजे आमच्याच देवराष्ट्राचे. सत्ता खाली आली याचा गावाला खरोखर अभिमान होता. पण सत्तेबरोबर काम किती खाली येतंय हे कळायला दुष्काळ यावा लागला.

१९७२ ला आमचे आण्णा सरपंच होते. पाच एकर माळ, एक विहीर, दोन बैल. पावसानं पाठ फिरवली आणि आण्णांचं घरातलं अस्तित्व संपलं. खडी फोडायच्या कामावर कोण लावायचं त्याची यादी, मुकादमाचं मस्टर, मिलोचं रेशन, पोरांची सुकडी, नालाबांधाची जागा. यादीत नाव नाही म्हणून रात्री अकराला माणूस दारात, आणि नाव आहे पण हजेरी मांडली नाही म्हणून पहाटे पाचला दुसरा. विट्याला तहसील कचेरीत गेले की दिवस जायचा. साहेब दौऱ्यावर असले तर दुसराही दिवस जायचा.

याचा हिशेब आई ठेवायची. कागदावर नव्हे, तोंडी. “अवं, या म्हैन्यात तुमचं चौदा दिस गेलं. गड्याला चौदा दिसाचं द्यायला लागलं आस्तं तर?” आण्णा म्हणायचे, “गावाचं काम हाय.” आई म्हणायची, “गाव काय बैलाला वैरण घालतंय व्हय?” त्यातून आल्या-गेल्याचा चहा. सरपंचाच्या घरातून माणूस चहा न घेता गेला तर ते गावभर होतं. साखर रेशनची, महिन्याची आठवड्यात संपायची. मग गुळाचा. मग गुळवणी म्हणावं असा. सरपंच आण्णा होते, पण सरपंचकी आईच्या चुलीवर चालली होती. त्या वर्षी आम्ही एक कालवड विकली. ती दुष्काळानं विकली की सरपंचकीनं, यावर त्या दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

एक मुदत झाली आणि आण्णांनी हात जोडले. त्यांच्या जागी आले ते गलाईवाल्यांच्या घरातले. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला मद्रास, कलकत्ता, कोचीनपर्यंत गेलेली. एक भाऊ तिकडं भट्टीवर, एक भाऊ इकडं गावात मोकळा. मनीऑर्डर येते, दारात जीप आहे, चहाच्या साखरेची चिंता नाही. त्यातल्या काहींनी कामं चांगली केली, खोटं कशाला सांगू. पण इथं एक गोष्ट गुपचूप ठरून गेली. बिनपगारी खुर्चीत बसायला घरात दुसरा मिळवता हात हवा. निवडणूक गावाची असली तरी उभं कोण राहणार हे आधीच ठरलेलं. आणि ज्याला खुर्चीतून पगार नाही, त्यातला कुणी मग सिमेंटच्या पोत्यातून पगार काढायला बसला तर गाव कुजबुजतं, पण नवल करत नाही.

काम मात्र वाढतच गेलं. रोजगार हमीची कल्पना ज्यांची, ते वि. स. पागे आमच्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. अंजनीचे आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री झाले आणि गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं. गावं झाडून निघाली, हे मी पाहिलंय. त्याचबरोबर सरपंचाचा दिवस पहाटेच्या गुड मॉर्निंग पथकानं सुरू होऊ लागला. टमरेल घेऊन निघालेल्या चुलत्याला हटकायचं आणि दुपारी त्याच चुलत्याकडं घरपट्टी मागायला जायचं! कायद्याच्या ग्रामसूचीत ७९ विषय आहेत. दिवाबत्ती, गटार, पाणी, शाळा, दवाखाना, जनावरांचा कोंडवाडा. महिन्याला एक बैठक आणि वर्षाला चार ग्रामसभा घ्यायच्याच. कारणाशिवाय ग्रामसभा घेतली नाही तर सरपंच अपात्र. स्वतःची घरपट्टी थकली तर सदस्य अपात्र. निवडणूक खर्चाचा हिशेब वेळेत दिला नाही तर अपात्र. राखीव जागेवर असाल तर जात पडताळणीचे हेलपाटे वेगळेच. बाकीच्या कुठल्या नोकरीत काढून टाकायची इतकी कलमं असतील असं वाटत नाही, आणि ही तर नोकरीही नव्हे.

मग मानधन. शब्दातच मान पुढं आणि धन मागं. २०१९ मध्ये दोन हजारांच्या आतल्या लोकसंख्येच्या गावच्या सरपंचाला महिना ३,००० रुपये झाले, त्याआधी १,००० होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं ते ६,००० केलं. उपसरपंचाला १,००० चे २,०००. आठ हजारांवरच्या गावच्या सरपंचाला १०,०००. रक्कम दुप्पट झाली म्हणून पेढे वाटले गेले. त्याच वर्षी रोजगार हमीच्या मजुराचा रोज २९७ रुपये होता. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७,७२२. म्हणजे ज्या बांधावरच्या मजुरांच्या कामाला सरपंच मंजुरी मागतो, त्या बांधावर तो स्वतः पाटी घेऊन उभा राहिला तर जास्त मिळतील. आणि साध्या सदस्याला मानधनही नाही, बैठकीला हजर राहिल्याचे २०० रुपये. माजी आमदाराला पेन्शन आहे. माजी सरपंचाला लग्नपत्रिकेत ‘माजी सरपंच’ एवढं छापून मिळतं.

१९९३ च्या घटनादुरुस्तीनं बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, २०११ पासून आपल्याकडं निम्म्या झाल्या. त्याबरोबर मागासवर्गीयांच्या जागा. यानं गलाईवाल्यांचं ते न बोलता ठरलेलं गणित मोडलं, निदान कागदावर. आमच्या गावात माझी वहिनी सरपंच झाली तेव्हा राखीव जागेवर एक अक्का सदस्य होऊन आल्या. घरची जमीन नाही. द्राक्षबागेत मजुरीला जाणारी बाई, विरळणीत त्यांचा हात सगळ्यात चलाख म्हणून टोळीत मागणी. बैठक सकाळी अकराला. म्हणजे अक्कांचा दिवस गेला. बागेत अर्धा दिवस कुणी घेत नाही. दिवसाचा खाडा, आणि एकदा खाडा केला की मुकादमीण पुढच्या बागेला दुसरीला सांगते.

पहिल्या तीन बैठकांना अक्का आल्या, चौथ्या-पाचव्याला नाही. लागोपाठ सहा महिने गैरहजर राहिलं तर जागा जाते, हे त्यांना ग्रामसेवकानं सांगितलं. त्यांनी वहिनीला घरी येऊन विचारलं, “बैठक बाजारच्या दिवशी का घेत न्हाईसा? त्या दिशी बागंत काम नसतंय.” वहिनीला हे पटायला वेळ लागला नाही, पण बाकीच्या दोघा-तिघांना लागला. बाजारच्या दिवशी त्यांना विट्याला कामं असत. दोन महिने वाद होऊन अखेर बैठक बाजारच्या दिवसावर आली.

एकदा वाचनालयाच्या खोलीचं विचारायला मी पंचायतीत गेलो होतो, दारातल्या बाकावर बसून होतो. आत भत्त्याचा विषय निघाला. वर्षभराचा सगळ्यांचा भत्ता एकदम आला होता. पुढं बसलेल्या एका सदस्यानं, ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आणि गाडी दोन्ही आहेत, सुचवलं, “हे पैसं आपुन कुठं न्यायचं? देवळाच्या रंगकामाला देऊया. ठराव लिवा.” सगळ्यांनी माना हलवल्या. ग्रामसेवकानं प्रोसिडिंग बुक उघडलं.

अक्का म्हणाल्या, “माझं नगं लिवू.”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग तेच सदस्य हसून म्हणाले, “आवं अक्का, देवाचं काम हाय.”

“देवाला मी नारळ फोडीन. आधीच्या बैठकींचं माझं खाडं पडल्यात. माझं मला द्या.”

वहिनी म्हणाली, “बरोबर हाय त्यांचं. लिवा, ज्येंनी सोडला त्येंचा देवळाला, बाकीच्यांचा हातात.” ग्रामसेवकानं तसं लिहिलं. ‘बाकीच्यांचा’ असं लिहिल्यावर आणखी एका सदस्यानं, कोपऱ्यात बसणाऱ्या वस्तीवरच्या पोरानं, घसा खाकरून आपलंही नाव त्यात घालायला सांगितलं. अक्कांनी व्हाउचरवर सावकाश सही केली, नोटा दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि पिशवी उचलून बाजाराला गेल्या.