गिटारचे स्क्रू आणि घुमटाचे कातडे

माझा भाचा नोकरीनिमित्त हैदराबादला कुकटपल्लीत राहतो. त्याने स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि वर्षभरात तिच्या खुंट्या, ब्रिज, पिकअप असे सगळे एकेक करून बदलले. घरच्यांना ती उधळपट्टी वाटली. मला मात्र त्यामागचा इतिहास आठवला.

व्हायोलिनची दांडी सरसाने चिकटवलेली असते, ती काढणे म्हणजे कसबी कारागिराचे काम. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा. गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवता येत नसे! १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारची दांडी त्याने चक्क स्क्रूने बसवली. बिघडलेला भाग काढा, दुसरा लावा, हा दुरुस्तीवाल्याचा हिशेब. पुढे १९७० च्या दशकात लॅरी डिमार्झिओने बदली पिकअप विकायला काढले. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. तो बदलला की आवाजच बदलतो.

मग वाद्य तेच राहिले का? आपल्या घुमटाकडे पाहा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपडीच्या कातड्याला बंदी आली, त्या जागी बकऱ्याचे आले. नाद थोडा बदलला, जाणत्यांनी कुरकुर केली. तरी २०१९ साली गोवा सरकारने वारसा वाद्य म्हणून मान दिला तो घुमटालाच, आणि चवथीच्या आरत्याही त्यावरच चालू आहेत.