‘बोग’: एक रूप, दोन कुळं

सायलीशियातल्या हेन्रिकूव्हच्या मठात 1270च्या सुमारास एक लॅटिन दप्तर लिहिलं गेलं. कुठली जमीन मठाकडे कशी आली, हे पुढे वाद झाल्यास शाबीत करता यावं, एवढाच त्याचा हेतू. त्यात बोगुख्वाऊ नावाचा शेतकरी भेटतो. जात्यावर राबणाऱ्या बायकोची त्याला कणव येते. तिला विसावा घ्यायला सांगून तो स्वतः दळायला घेतो. त्याचे हे शब्द लेखकाने लॅटिनसोबत पोलिशमध्येही टिपले. आज ते पोलिशमधलं सर्वांत जुनं लिखित वाक्य मानलं जातं.

‘बोग’ या शब्दासाठी आपल्याला हवा तो पुरावा या माणसाच्या नावातच आहे. त्यातला ‘बोग’ म्हणजे देव. आज पोलिश माणूस एकट्या शब्दाचा उच्चार ‘बुक’ असा करतो, पण ‘देवाचा’ म्हणताना ‘बोगा’ हे रूप येतंच. आयरिशमध्येही ‘बोग’ आहे, त्याचा अर्थ मात्र मऊ. त्यावरून ‘बोगख’ म्हणजे पाय रुतणारी जमीन. इंग्रजीने दलदलीसाठी घेतलेला ‘बॉग’ इथलाच. जेरार्ड बोट यांच्या 1652 साली छापलेल्या आयर्लंडवर्णनात अशा जमिनींची सविस्तर माहिती आहे.

मऊ चिखलावरून देवापर्यंत वाट काढण्याचा मोह होईल, पण कागद तसं सांगत नाहीत. पोलिशमध्ये ‘बोगाती’ म्हणजे श्रीमंत, ‘उबोगी’ म्हणजे गरीब, आणि आज धान्याला म्हणतात तो ‘झ्बोझे’ पूर्वी मालमत्तेचा वाचक होता. तिन्हींच्या तळाशी ‘वाटा, संपत्ती’ हा अर्थ आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं 41वं सूक्त ज्या भगाला आळवतं, तोही भाग्य वाटून देणारा. प्राचीन इराणचा सम्राट दारयवहू याच्या बेहिस्तून शिलालेखात देवांना ‘बग’च म्हटलं आहे. पोलिशसारख्या स्लाव्ह भाषांना हा शब्द वारशाने मिळाला की इराणी शेजाऱ्यांकडून, यावर मतभेद आहेत; नातं मात्र पक्कं आहे.

आयरिश ‘बोग’ला अभ्यासक ‘वाकणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. जे वाकतं, दबतं, ते मऊ. संस्कृतातला ‘भुज्’ त्याच धातूचा.

म्हणजे पोलिश शब्दाचे भाऊबंद आपल्याकडे भगवान आणि भाग्य, तर आयरिश शब्दाचा भुजंग. शब्दाचं कूळ ठरवताना चेहरेपट्टीवर विसंबून चालत नाही. त्याच्या घरातले बाकीचे शब्द आणि जुने कागद यांची साक्ष काढावीच लागते.