कपिलतीर्थातलं माळवं आणि कळंब्याचं पाणी

कोल्हापुरात कुणी 'कपिलतीर्थाला जाऊन आलो' असं म्हणालं तर लगेच हात जोडू नका, आधी हातातली पिशवी बघा. बहुतेक वेळा त्यात मेथी, पोकळा, पावशेर वरणा आणि जवारी वांगी निघतील. आणि 'जाऊन आलो' म्हणणारी व्यक्ती बाई असण्याचीही दाट शक्यता आहे. आमची कळंब्याची मावशी गेली पन्नासेक वर्षं "मी बाजारला जातो", "मी भाकरी टाकतो" असंच बोलते. पुण्यातल्या माझ्या मित्रांना हे ऐकून गंमत वाटते. मला मात्र ते ऐकलं की कोल्हापुरात पोचल्याची पावती मिळते.

तर या वेळी दोन दिवस सुट्टीला जोडून कळंब्याला गेलो होतो. काम काहीच नव्हतं. मावशीला भेटणे, जेवणे, आणि तिच्याबरोबर मंडईत फिरणे. भाजीला तिकडे 'माळवं' म्हणतात. मळ्यातून येतं ते माळवं, इतका सरळ हिशेब. कपिलतीर्थ मार्केटमध्ये आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका बुट्ट्या घेऊन बसलेल्या असतात. मावशी एकेका बुट्टीपुढं थांबून भाव विचारते, नाक मुरडते, पुढं जाते आणि शेवटी पहिल्या बुट्टीवाल्या बाईकडूनच घेते. ही पद्धत मला आजवर कळलेली नाही. असो.

बाजारात कपिलेश्वराचं देऊळ आहे. कोल्हापूर म्हटलं की आपल्याला अंबाबाई आठवते, पण गावाचं ग्रामदैवत हा कपिलेश्वर मानतात. देवळाजवळ तीर्थ हवंच, आणि तसं ते होतंही. कपिलतीर्थ नावाचा तलाव. ज्या जागेवर आज टोमॅटोचे ढीग लागतात तिथं एकेकाळी पाणी होतं. तलाव बुजवला, बाजार भरला, नाव तसंच राहिलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. एखाद्या फंक्शनचं नाव वीस वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवलेलं असतं, आतला सगळा कोड बदललेला असतो, पण नाव बदलायची कुणाची हिंमत होत नाही. आणि ते बरंच असतं, कारण तिथं पूर्वी काय चालायचं एवढं तरी त्या नावावरून कळतं.

एकदा ही किल्ली हाताला लागली की कोल्हापूर वेगळंच दिसायला लागतं. हे गाव दक्षिण काशी म्हणवतं, त्यामुळे तीर्थांना आणि तळ्यांना तोटा नव्हता. रंकाळा आणि कोटितीर्थ अजून आहेत. बाकीच्यांचं काय झालं ते बघा. राजकीय सभा होतात ते गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. फुटबॉलच्या वेडापायी अख्ख्या पेठा एकमेकांशी भांडतात ते शाहू स्टेडियम म्हणजे रावणेश्वराचं तळं. सिद्धाळा, पद्माळा, खंबाळा ही तळीही आता नावापुरतीच आहेत. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साठतं म्हणून दरवर्षी ओरड होते, पण तळ्याच्या जागेत पावसाळ्यात पाणी नाही साठायचं तर काय साठणार?

मग प्रश्न असा की इतकी तळी असलेल्या गावाला ती बुजवणं परवडलं कसं? याचं उत्तर शोधायला मावशीच्या गच्चीवर जावं लागतं. तिथून कळंबा तलाव दिसतो.

कळंबा म्हटलं की आता बहुतेकांना मध्यवर्ती कारागृह आठवतं. ("कळंब्याला जाऊन आलो" असं म्हणालो तर ऑफिसात एक कोल्हापूरचा सहकारी आहे, तो दर वेळी "सुटलास का?" असं विचारतो. हा विनोद मावशीच्या घरात दिवसातून एकदा होतोच, त्यामुळे आता कुणी हसत नाही.) गावाचं कागदोपत्री नाव कळंबे तर्फ ठाणे. कळंब म्हणजे कदंबाचं झाड, त्यावरून हे नाव पडलं असावं. शहराच्या दक्षिणेला, जरा उंचावर हे गाव आहे, आणि त्या उंचीतच सगळी गोम आहे. कात्यायनीच्या डोंगराच्या बाजूनं येणारं पावसाचं पाणी इथं अडवून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू व्हायच्याही आधी, संस्थाननं हा तलाव बांधला. तळं उंचावर आणि गाव खाली. पंप नको, वीज नको, उताराच्या जोरावर पाणी आपोआप नळातून गावात. मला अभियांत्रिकीतली अशी कामं फार आवडतात. ज्यात बिघडण्यासारखं काहीच नाही असं यंत्र सगळ्यात चांगलं.

आता माझा तर्क असा: गावाबाहेरून झाकलेल्या नळानं पिण्याचं पाणी यायला लागलं, तशी गावातली उघडी तळी हळूहळू पिण्याच्या कामातून बाद होत गेली. त्यात धुणी, जनावरं, सांडपाणी. साथीच्या रोगांचे ते दिवस होते, १८९० च्या दशकाच्या शेवटी प्लेगनं या भागाला चांगलंच झोडपलं. ज्या तळ्याचं पाणी पीत नाही ते तळं मग अडगळ वाटायला लागतं. कपिलतीर्थाची मंडई उभी राहिली त्यात कळंब्याचा हात आहे असं मला वाटतं. कळंब्याच्या मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आमाला तिथं भाजी फुकट मिळाय पायजे की!"

माळवं झालं की मावशीचा मोर्चा गुळाकडे. कोल्हापूरचा गूळ घेताना ती रंगाला भुलत नाही. पिवळाधमक गूळ दिसला की "ह्यात साखर हाय नायतर पावडर हाय" म्हणून बाजूला सारते आणि काळपट तांबूस गूळ घेते. या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची खरी गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची. शाहू महाराजांना १८९४ च्या एप्रिलमध्ये राज्याधिकार मिळाले, तेव्हा ते अवघ्या विशीत होते. दुसऱ्याच वर्षी, १८९५ ला, त्यांनी स्टेशनच्या बाजूला शाहूपुरी ही बाजारपेठ वसवली, ती मुख्यतः गुळासाठी. रेल्वे येऊन चारच वर्षं झाली होती. म्हणजे आधी रूळ, मग रुळाशेजारी पेठ. ऊस पिकवणाऱ्याच्या गुऱ्हाळातून निघालेला गुळाचा रवा बैलगाडीनं पेठेत आणि पेठेतून मालगाडीनं मुंबईला नाहीतर गुजरातेत. त्याच महाराजांनी १९०८ साली भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचं काम सुरू केलं. पैशाअभावी ते थांबलं आणि पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं, पण ऊस, पाणी, रूळ आणि पेठ यांचा एकमेकांशी लावलेला मेळ बघितला की थक्क व्हायला होतं. पुढे साखर कारखाने आले, ऊस तिकडे गेला, गुऱ्हाळं कमी होत गेली. गुळाचा बाजारही मार्केट यार्डात गेला. दिवाळीच्या पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे अजून निघतात.

मिरचीबद्दल जास्त लिहिलं तर हा लेख संपणार नाही. एकच सांगतो. कोल्हापूरच्या तिखटाची जी मिजास आपण मिरवतो ती फार तर चार-साडेचारशे वर्षांची. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती गोव्याकडे आणली, मग ती घाट चढून वर आली. त्याआधी बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहून घेतला. त्यात मांडे, वडे, पुऱ्या, नाना तऱ्हेची मांसं, सगळं आहे, तिखटपणासाठी मिरी आहे, पण मिरची कुठून असणार? त्या काळी कोल्हापुरात शिलाहार राज्य करत होते. पन्हाळा गाजवणाऱ्या राजा भोजाच्या पंक्तीत तांबडा रस्सा नव्हता, ही कल्पनाच काकांना (मावशीचे यजमान) सहन होत नाही. "मग ती लढायची कशी?" हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. मावशी मात्र दर उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी एकत्र करून वर्षाची चटणी डंकावर कुटून आणते. तिकडे कांदा-लसूण मसाल्यालाच चटणी म्हणतात, त्यामुळे पुणेकर सुना पहिल्या आठवड्यात हमखास फसतात.

परतताना मावशीला चहा हवा असतो. आणि कोल्हापुरात चहा म्हटला की मला भाऊसिंगजी रस्त्यावरचं एक हॉटेल आठवतं, जे मी कधी पाहिलेलं नाही, कारण ते केव्हाच काळाआड गेलं. तिथंही सुरुवात पाण्यापासूनच होते.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पागेतल्या मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाला ते शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा दिल्लीला गेलेले. परत आल्यावर गंगाराम जखमा घेऊन त्यांच्यापुढं उभे राहिले. मारणाऱ्यांना महाराजांनी शिक्षा केली हे तर झालंच, पण त्यांच्या लक्षात आलं असावं की नोकरीत ठेवून हा माणूस सुरक्षित राहणार नाही. स्वतःचा धंदा काढ, मी मदत करतो, असं त्यांनी सुचवलं. गंगारामांनी भर पेठेत चहाचं हॉटेल काढलं आणि नाव ठेवलं 'सत्यसुधारक'.

आता विचार करा. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याच्या हातचा चहा कोण पिणार? शिक्षणाला, नोकरीला कायदा करता येतो. १९०२ च्या जुलैमध्ये महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या होत्या, तो हुकूम कागदावर काढता आला. पण अमक्याच्या टपरीवर चहा प्या असा हुकूम कसा काढणार? गिऱ्हाईक ही गोष्ट हुकमानं येत नाही. म्हणून महाराज स्वतःच गिऱ्हाईक झाले. त्यांचा तो प्रसिद्ध खडखडा हॉटेलापुढं थांबायचा, गंगाराम चहा आणून द्यायचे, महाराज तो सगळ्यांदेखत प्यायचे आणि खडखड्यात बरोबर बसलेल्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजायचे. राजानं कप पुढं केल्यावर नाही म्हणायची सोय कुणाला? सही घ्यायला आलेली माणसंही तिथंच गाठायची म्हणे, म्हणजे त्यांचाही चहा झालाच.

पाण्याचा हुकूम मात्र त्यांनी काढला. सप्टेंबर १९१९ मध्ये संस्थानातल्या सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा आणि सरकारी इमारतींत विटाळ पाळायचा नाही असा तो हुकूम होता. पुढच्याच मार्चमध्ये, १९२० ला, माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांना लोकांपुढं आणलं. आणि १९२२ च्या मे महिन्यात, वयाच्या ४७ व्या वर्षी, महाराज गेले. मला नेहमी वाटतं की हुकमापेक्षा तो चहा जास्त अवघड होता. हुकूम मोडला तर निदान तक्रार करता येते. न आलेल्या गिऱ्हाइकाविरुद्ध कुठं तक्रार करणार? रोज सकाळी दूध तापवून, कप विसळून गंगाराम वाट बघत बसले असतील, ते धाडस महाराजांच्या धाडसाहून कमी नव्हतं. महाराज दिवसातून एकदा थांबून पुढं जायचे. गंगारामांना तिथंच बसायचं होतं. महाराजांच्या मागं त्यांचं स्मारक उभं करायला पुढं आलेल्यांत हेच गंगाराम होते.

कळंब्याचं पाणीही त्या काळी शहरात येत होतं. नळाचं पाणी वाहतं, त्याला हौदासारखा काठ नसतो, तरीही सार्वजनिक नळावर रांगेत कोण कुणाच्या मागं उभं राहायचं, कुणी आपली घागर स्वतः लावायची आणि कुणी दुसऱ्यानं ओतायची वाट बघायची, हे प्रश्न नळाबरोबर काही वाहून गेले नसणार. मावशीच्या सासूबाईंना हे विचारलं होतं, त्या हयात असताना. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आमी वरनं वतायचो. तवा कळत न्हवतं." एवढंच. मग त्यांनी विषय बदलून मला जेवलास का ते विचारलं.

आता कोल्हापूरला काळम्मावाडीच्या धरणातून थेट पाईपलाईननं पाणी येतं, २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास ते पोचलं. कळंब्याच्या काठावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांची गर्दी असते. कपिलतीर्थात मावशीला ज्या बाईकडून पोकळा घ्यायचा असतो तिच्या बुट्टीशेजारी पाण्याची बाटली असते. उन्हातून आलेल्या मावशीनं परवा तीच उचलली, दोन घोट प्यायली, झाकण लावून परत ठेवली आणि मग पुन्हा पाच रुपयांसाठी घासाघीस सुरू केली.