रकान्याचे नाव

भोर तालुक्यातील आमच्या शिवरे गावात सातबारा ठाऊक नाही असे घर सापडायचे नाही. ‘भोगवटादार’, ‘क्षेत्र’, ‘आकार’ हे त्यावरले रकाने. शेत निराळे, कागद निराळा. पण रकाने तेच. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी मंडळीही असाच साचा आधी आखून घेतात. त्या साच्याला ते ‘क्लास’ म्हणतात आणि रकान्याला ‘प्रॉपर्टी’. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. परंतु ह्या रकान्यांच्या नावांचा इतिहास मला एखाद्या कथेइतका रंजक वाटला. फराळाबरोबर तोही चाखून पाहावा.

संगणकाला आपली भाषा कळत नाही. आज्ञावली त्याच्या भाषेत उतरवणारा एक दुभाषा लागतो, तोच ‘कंपायलर’. १९५७ साली अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने फोरट्रान भाषा आणली. तीत एखाद्या नावाचे अक्षर चुकले, तर दुभाषा बहुधा हटकत नसे. हे नवेच नाव असावे असे समजून तो त्याला नवी जागा करून देई. हिशेब पुरा होई, पण खोटा! १९६० च्या अल्गोल भाषेने शिस्त लावली: जे नाव वापरायचे, ते आधी जाहीर करा. तिच्याच पायावर नॉर्वेच्या डाल आणि नीगार्ड ह्या दोघांनी १९६७ साली ‘सिम्युला ६७’ उभी केली. ‘क्लास’ची कल्पना तिच्यातूनच पुढे आली.

तरीही एक चोरवाट उरली, ती अवतरणचिन्हांची. ‘अमुक रकाना बदलला’ अशी वर्दी पडद्याला द्यायची असली, की लिहिणारा त्या रकान्याचे नाव अवतरणात घाली. दुभाष्याच्या लेखी अवतरणातला मजकूर म्हणजे नुसती अक्षरे. ती तो तपासत नाही. समजा, पुढे कोणी ‘भोगवटादार’ रकान्याला ‘खातेदार’ म्हटले. उघड्या लिहिलेल्या जुन्या नावापाशी दुभाषा तत्काळ अडतो. अवतरणातले मात्र निसटते. वर्दी जुन्याच नावाने जाते, आणि पडदा जुनाच मजकूर दाखवीत राहतो. खिडकीपाशी ताटकळलेल्या शेतकऱ्याला त्यातले काय कळणार?

२०१५ साली सी-शार्प भाषेच्या सहाव्या आवृत्तीने ह्यावर ‘नेमऑफ’ हा तोडगा दिला. नाव अवतरणात न लिहिता रकान्याकडेच बोट दाखवायचे. नाव दुभाषा स्वतः उतरवून घेतो. रकान्याचे नाव पालटले आणि येथे जुनेच राहिले, तर भाषांतरच पुरे होत नाही. चूक लिहिणाऱ्याच्या मेजावरच पकडली जाते.

आपल्या फेरफाराची रीत तरी दुसरी काय आहे? आधी नोंद, मग संबंधितांना नोटीस, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची, आणि मगच नवे नाव सातबाऱ्यावर चढायचे.

मात्र दुभाषा पाहतो ते एवढेच, की असा रकाना साच्यात आहे ना. ‘क्षेत्र’ हवे तेथे ‘आकार’ लिहिला, तर दोन्ही रकाने असल्यामुळे तो खुशाल मान डोलावतो. ती चूक हुडकायला अजून जाणत्या माणसाचीच नजर लागते.