तगरचे साधे कापड

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीटने १९०१ साली साधार मांडले. तेरचा विषय निघाला की आपण तेथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी, म्हणजे रोमच्या वैभवापाशी, रेंगाळतो. आम्हीही रेंगाळलो आहोत. परंतु पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’चा अनाम ग्रीक लेखक तगरच्या नावावर नोंदवतो ते कापड. त्यात मलमल आहेच. पण साधे, सामान्य प्रतीचे कापडही पुष्कळ आहे. तगरहून पैठण दहा दिवसांचे, तेथून भडोच वीस दिवसांचे. माल जाई तो गाड्यांतून, धड वाट नसलेल्या मुलखातून.

त्यातला ‘साधे’ हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. स्वस्त माल महिनाभराच्या वाटेला लावायचा, तर तो ढिगाने निघाला पाहिजे. म्हणजे कापूस वेचणे, सरकी काढणे, सूत कातणे हे घरोघरचे काम असणार. गाड्यांचे बैलही, आमचा तर्क असा, नांगरणी-पेरणीतून मोकळे झाल्यावरच मिळत असावेत. बंदराचे वेळापत्रक शिवारात ठरत असावे. पेरिप्लसकाराच्या यादीत ह्या हातांना नाव नाही. तेरच्या मातीत राबणारे गोरोबा कुंभार आपल्याला नावानिशी भेटतात, ते त्यानंतर बाराशे वर्षांनी.